विदर्भाचे ते ‘आपले’, मग इंडियानाचे ‘भाडोत्री’ कसे?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

इंडियाना विद्यापीठाच्या संघाने १९ जानेवारी २०२६ रोजी मायामी विद्यापीठाला २७-२१ असं हरवून अमेरिकी कॉलेज फुटबॉलचं (चेंडू हातात घेऊन खेळतात ते फुटबॉल) राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. आपल्या क्रीडापानावर त्याची बातमी आली, याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्यानंतर याच सदरात एका वाचकांनी लिहिलं की, हा संघ दुसऱ्या कॉलेजांतून पैसे मोजून आणलेल्या भाडोत्री मुलांचा आहे, त्यात विद्यापीठाचं कर्तृत्व ते काय! नागपूरहून माझा दादाही फोनवर हेच म्हणाला. मी धरमपेठेत वाढले आणि लग्न झाल्यापासून इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनमध्ये, म्हणजे या विद्यापीठाच्याच गावात राहते. या संघाची पडती वर्षं मी पाहिली आहेत. म्हणून हे पत्र.

आधी ही पडती वर्षं काय होती ते सांगते. इंडियाना हे बास्केटबॉलचं राज्य. इथे शेतातल्या कोठारांच्या भिंतींनासुद्धा बास्केटबॉलची कडी लावलेली दिसते. फुटबॉलमध्ये विद्यापीठाने आपल्या ‘बिग टेन’ गटाचं विजेतेपद १९४५ मध्ये मिळवलं, मग १९६७ मध्ये, आणि त्यानंतर थेट २०२५ मध्ये. गेला हंगाम सुरू झाला तेव्हा देशातल्या वरच्या विभागातल्या सगळ्या संघांत सर्वांत जास्त पराभव आमच्या नावावर होते, सातशेहून अधिक. माझी मुलगी विद्यापीठाच्या ‘मार्चिंग हंड्रेड’ या वाद्यपथकात क्लॅरिनेट वाजवायची. मध्यंतराला पथक मैदानात उतरायचं, त्यांचं वाजवून झालं की लोक उठून गाडीकडे निघायचे. उरलेला अर्धा सामना पाहायला खेळाडूंचे आईवडील, वाद्यपथकातल्या मुलांचे आमच्यासारखे पालक आणि काही म्हातारे माजी विद्यार्थी एवढेच उरत. २०२३ मध्ये संघ बारापैकी नऊ सामने हरला आणि प्रशिक्षकांना निरोप देण्यात आला.

त्यांच्या जागी आले कर्ट सिग्नेटी. व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन या त्या मानाने लहान विद्यापीठात ते होते. अलाबामा विद्यापीठात निक सेबन या नामवंत प्रशिक्षकांच्या हाताखाली काम केलेला हा माणूस. पण मुख्य प्रशिक्षक व्हायचं म्हणून २०११ मध्ये त्यांनी तिथली मोठी नोकरी सोडली आणि खालच्या, म्हणजे क्रमांक दोनच्या विभागातल्या एका छोट्या कॉलेजपासून सुरुवात केली. इथे आल्यावर पत्रकारांनी विचारलं, तुमच्या भरवशावर मुलं इथे का येतील? ते म्हणाले, मी जिंकतो, गुगल करून बघा. गावात बऱ्याच जणांना ते उर्मट वाटलं. मला आवडलं, कारण आमच्याकडे इतक्या वर्षांत जिंकण्याची भाषा कुणी केलीच नव्हती.

त्यांच्या मागोमाग जेम्स मॅडिसनचे १३ खेळाडू ब्लूमिंग्टनला आले. सहायक प्रशिक्षकही आले, आक्रमणाची आखणी करणारे माइक शॅनाहन आणि बचावाचे ब्रायंट हेन्स. पत्र लिहिणाऱ्या वाचकांनी हा भाग लक्षात घ्यावा, अशी माझी विनंती आहे. बाजारात जाऊन एकेक महाग वस्तू टोपलीत टाकावी तसे हे खेळाडू गोळा केलेले नाहीत. एडन फिशर, मिकेल कमारा, डीअँजेलो पॉन्ड्स, एलायजा सॅरॅट ही मुलं एकमेकांशेजारी खेळलेली होती. कोणत्या खुणेचा अर्थ काय, कोण कुठे धावणार, चुकलं तर कुणाने जागा भरायची, हे त्यांना माहीत होतं. आणि त्यांनी ते इथे आधीपासून असलेल्या मुलांना शिकवलं. फिशर बचावफळीच्या मधोमध उभा राहतो आणि समोरचा संघ कसा उभा आहे ते पाहून बाकीच्या दहा जणांना ओरडून जागा बदलायला लावतो. टीव्हीवर हे कळत नाही. स्टेडियममध्ये बसलं की त्याचे हात दिसतात, सारखे हलत असतात.

सिग्नेटींचं आणखी एक सूत्र आहे. एखादा मुलगा पुढे काय करू शकेल यापेक्षा त्याने आतापर्यंत काय केलं, हे ते पाहतात. अमेरिकेत शाळेतल्या मुलांना तज्ज्ञ मंडळी तारे देतात, पाच तारे म्हणजे सर्वोत्तम. मोठी विद्यापीठं त्या ताऱ्यांच्या मागे धावतात. सॅरॅटने सुरुवात केली पेनसिल्व्हेनियातल्या सेंट फ्रान्सिस नावाच्या छोट्या कॉलेजातून, तिथून तो जेम्स मॅडिसनला गेला आणि तिथून इथे आला. ओहायो स्टेटविरुद्धच्या बिग टेन अंतिम सामन्यात ज्या झेलामुळे आम्ही १३-१० असे पुढे गेलो आणि पुढेच राहिलो, तो झेल सॅरॅटचा. आयोवाविरुद्ध अगदी शेवटी सामना फिरवणारा टचडाउनही (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेणं) त्याचाच. पॉन्ड्स तर या खेळाच्या मानाने फारच लहानखुरा आहे. त्याने पीच बोलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय बादफेरीच्या उपांत्य सामन्यात, ऑरेगनचा पहिल्याच चालीतला पास अडवला आणि चेंडू घेऊन थेट गोलरेषेपार गेला. तो सामना आम्ही ५६-२२ जिंकला.

पहिल्या वर्षीचा, म्हणजे २०२४ चा क्वार्टरबॅक कर्टिस रोर्क मात्र जेम्स मॅडिसनचा नव्हता. कॅनडातला हा मुलगा ओहायो विद्यापीठातून आला, हे ओहायो स्टेटहून वेगळं. (क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चालीत चेंडू ज्याच्या हातात येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे दोन-तीन सेकंदांत ठरवतो, तो खेळाडू.) त्या वर्षी संघाने ११ सामने जिंकले. विद्यापीठाच्या इतिहासात एका हंगामात दहा विजयही कधी झाले नव्हते. हंगाम संपल्यावर कळलं की रोर्क वर्षभर गुडघ्याचा स्नायुबंध फाटलेल्या पायावर खेळत होता. मध्ये त्याच्या अंगठ्यालाही दुखापत झाली, एक सामना बाहेर बसला आणि परत आला. त्याची कॉलेजची खेळण्याची मुदत तेवढ्या एकाच वर्षाची उरली होती. ज्याला ‘भाडोत्री’ म्हणायचं त्याने अशा गुडघ्यावर खेळायचं काय कारण होतं, हे मी पत्रलेखकांना विचारू इच्छिते.

आता फर्नांडो मेंडोझा. क्युबातून आलेल्या कुटुंबातला, मायामीत वाढलेला मुलगा. शाळेत असताना त्याला दोन तारे होते, आणि येल विद्यापीठाला होकार देऊन झाला होता. मग कॅलिफोर्नियाच्या बर्कलीहून बोलावणं आलं. तिथे त्याने तीन वर्षांत पदवी पूर्ण केली आणि २०२५ साठी तो इंडियानात आला. धाकटा भाऊ आल्बर्टो इथे आधीच होता. बर्कलीत फर्नांडोला वारंवार खाली पाडलं जायचं, कारण अंगावर येणाऱ्यांना अडवणाऱ्या त्याच्या साथीदारांची भिंत कच्ची होती. इथे ती पक्की मिळाली. हंगामात त्याने ४१ टचडाउन पास टाकले, देशात सर्वांत जास्त. डिसेंबरमध्ये देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइसमन करंडक मिळाला, जो आमच्या विद्यापीठाच्या एकाही खेळाडूला आजवर मिळाला नव्हता. रोझ बोलमध्ये, म्हणजे बादफेरीच्या उपांत्यपूर्व सामन्यात, अलाबामाविरुद्ध त्याच्या १६ पैकी १४ फेकी बरोबर गेल्या आणि आम्ही ३८-३ जिंकलो. त्या सामन्यात आक्रमणातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून मात्र दुसऱ्याचीच निवड झाली, पॅट कूगनची. कूगन ‘सेंटर’ आहे, पायांच्या मधून चेंडू मागे देतो आणि मग अंगावर येणाऱ्या धिप्पाड माणसांना अडवतो. असा मान सेंटरला फार क्वचित मिळतो. आणि हा कूगन आदल्या वर्षी नोत्र दामकडून खेळत होता, ज्या संघाने आम्हाला २७-१७ हरवून बाद केलं होतं!

एवढं सांगितल्यावर मला वाटतं मुख्य मुद्द्याला यायला हवं. बाहेरून आलेले खेळाडू उत्तम खेळले, हे खरंच. पण ते ज्यांच्याशेजारी खेळले त्यांच्याकडे पाहिल्याशिवाय ते का चांगले खेळले हे कळत नाही. पेन स्टेटविरुद्ध ८ नोव्हेंबरला आम्ही हरत होतो, ३६ सेकंद उरले होते. मेंडोझाने चेंडू अगदी मागच्या रेषेवर उंच फेकला आणि ओमर कूपर ज्युनियरने हवेत उडी घेऊन, एक पाय कसाबसा आत टेकवून तो पकडला. कूपर इंडियानापोलिसचा. सिग्नेटी यायच्या आधी, संघ हरत होता तेव्हा इथे दाखल झालेला. प्रशिक्षक बदलले तेव्हा त्यालाही दुसरीकडे जाता आलं असतं, तो राहिला. ओहायो स्टेटविरुद्ध शेवटच्या मिनिटांत चेंडू राखून ठेवायचा होता, तेव्हा ३३ यार्डांचा झेल घेतला चार्ली बेकरने, जो शाळेतून थेट इथे आला. अंतिम सामन्यात कमाराने मायामीची किक हाताने अडवली आणि गोलरेषेपलीकडे घरंगळलेल्या चेंडूवर आयझाया जोन्सने झेप घेतली. कमारा जेम्स मॅडिसनचा, जोन्स इथला. (दहा यार्ड पुढे जायला चार चाली मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे जातो.) चौथ्या चालीत पाच यार्ड हवे असताना बेकरने पास पकडला, त्याच आक्रमणात पुन्हा चौथी चाल आली तेव्हा मेंडोझा स्वतः चेंडू घेऊन तीन-चार जणांच्या अंगावरून १२ यार्ड गेला. आणि मायामी शेवटचा हल्ला करत असताना पास अडवून सामना संपवला तो जमारी शार्पने. हाही आधीच्या प्रशिक्षकांच्या काळातला, आणि गाव कोणतं, तर मायामी. सामना होता मायामीच्याच मैदानावर. समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक कार्सन बेक जॉर्जियातून बदलून आलेला होता. म्हणजे बाहेरून आणलेले खेळाडू दोन्ही बाजूंना होते.

पैसा आहे, नाही कसा! ६ जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाला दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंतची मर्यादा होती. त्याआधी जुलै २०२१ पासून मुलांना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावण्याची मुभा मिळाली होती. आमचे माजी विद्यार्थी उद्योगपती मार्क क्युबन यांनी देणगी दिल्याचं स्वतः सांगितलं आहे. पण पैशाने संघ होत असते तर फ्लोरिडा स्टेटचं २०२४ मध्ये जे झालं ते झालं नसतं. २०२३ मध्ये बदलून आलेल्या खेळाडूंच्या जोरावर तो संघ नियमित हंगामात अपराजित राहिला, पुढच्या वर्षी पुन्हा बाहेरून मुलं आणली आणि दोनच सामने जिंकले. कोलोरॅडोत डिऑन सँडर्स यांनी २०२३ मध्ये जवळजवळ सगळा संघच नवा आणला. त्या वर्षी आठ सामने हरले. तिथेही बदलून आलेले खेळाडू होते, त्यातले काही तर अद्वितीय. पण कोण कुणासाठी जागा सोडणार, हे ठरायला वेळ लागतो.

आणि आता दादाला जे फोनवर सांगितलं ते इथे लिहिते. जानेवारी २०१८ मध्ये विदर्भाने इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तेव्हा त्या संघात मुंबईचा वसीम जाफर होता, कर्नाटकचा गणेश सतीश होता, प्रशिक्षक मुंबईचे चंद्रकांत पंडित होते. अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी आणि कर्णधार फैज फझल आपले. आपण जाफरला कधी भाडोत्री म्हटलं? २०२५ च्या अंतिम सामन्यात जामठ्याला केरळविरुद्ध तीन बाद २४ अशी अवस्था होती. तेव्हा करुण नायर आणि नागपूरचा पोरगा दानिश मालेवार यांनी २१५ धावांची भागी केली. दानिशने १५३ केल्या. करुण ८६ वर धावबाद झाला, आणि दुसऱ्या डावात त्याने शतक ठोकलं. त्या भागीदारीत नायर नसता तर दानिश एवढा वेळ टिकला असता का, आणि दानिश नसता तर नायर एकटा काय करणार होता, हे कुणाला सांगता येईल? नंतर नायर कर्नाटकात परतला. त्याने इथे काढलेल्या धावा काही त्याच्यासोबत परत गेल्या नाहीत. दादाने करंडक आला तेव्हा पेढे वाटले होते, म्हणून त्याला हे सांगणं मला भाग होतं.

पत्रलेखकांच्या मनात जी काळजी आहे ती मात्र मलाही आहे, आणि ती मी लपवणार नाही. बदली करू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नावं ज्या यादीत जातात तिला इथे ‘पोर्टल’ म्हणतात. ती २०१८ पासून आहे. पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बसून राहावं लागायचं. २०२१ मध्ये एकदा तरी बसावं न लागता बदलता येऊ लागलं, २०२४ पासून कितीही वेळा. आमच्या गल्लीतला एक मुलगा दुसऱ्या राज्यातल्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीवर खेळत होता. त्याने चांगल्या संधीच्या आशेने पोर्टलमध्ये नाव घातलं. कुणाचा फोन आला नाही. जुन्या कॉलेजने तोवर त्याची शिष्यवृत्ती दुसऱ्याला दिली होती. आता तो घरी राहून जवळच्या सामुदायिक कॉलेजात शिकतो, आणि आधीचे कितीतरी विषय तिथे धरले गेले नाहीत म्हणून पुन्हा करतो आहे. त्याची आई माझ्याबरोबर कामाला आहे. मी मेंडोझाचं कौतुक करू लागले की ती गप्प बसते, आणि मग मीही विषय बदलते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला हा निर्णय घ्यायचा तर त्याआधी त्याच्या हातात पुढच्या कॉलेजचा लेखी होकार असायला हवा, निदान त्या वर्षाची शिष्यवृत्ती तरी शाबूत राहायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

छोट्या कॉलेजांचंही तसंच. सॅरॅट जिथून निघाला त्या सेंट फ्रान्सिसने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं की, ते पहिल्या विभागातून तिसऱ्या विभागात जाणार, जिथे खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते. बदललेल्या नियमांच्या आणि पैशांच्या शर्यतीत टिकणं शक्य नाही, हे त्यांनी दिलेलं कारण. त्या कॉलेजने सॅरॅटला पहिली संधी दिली, हे त्याच्या प्रत्येक झेलानंतर मला आठवतं. मात्र सगळीकडे असंच झालं, असंही नाही. जेम्स मॅडिसनचे १३ खेळाडू आणि प्रशिक्षक एकदम गेले, तरी दोन वर्षांत, म्हणजे २०२५ च्या डिसेंबरमध्ये, तो संघ स्वतः राष्ट्रीय बादफेरीत पोहोचला. रोर्क सोडून गेल्यावर ओहायो विद्यापीठाने त्याच वर्षी आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं. जाणाऱ्याच्या जागी कुणीतरी उभं राहतं, पण त्यासाठी कॉलेजच्या पदरी थोडी शिल्लक लागते, आणि सेंट फ्रान्सिससारख्यांकडे ती नव्हती. नियम करणाऱ्यांनी पाहायला हवं ते इथे. मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलांना नावं ठेवून ते होणार नाही.

ब्लूमिंग्टनमध्ये आता पुढची तयारी सुरू झाली आहे. मेंडोझा व्यावसायिक फुटबॉलकडे निघाला, त्याचा भाऊ आल्बर्टो जॉर्जिया टेकला गेला. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठातून जॉश हूव्हर हा क्वार्टरबॅक आला आहे. फिशर, सॅरॅट, कमारा, कूगन यांची कॉलेजची मुदत संपली. दुकानात, बँकेत, डॉक्टरांकडे बसलं तरी लोक हूव्हरबद्दलच बोलतात. बेकर किती वेगाने धावतो ते त्याला किती दिवसांत कळेल, याचा अंदाज बांधणं चालू आहे.

संपादक महोदय, एक छोटी विनंती करते. सप्टेंबरमध्ये नवा हंगाम सुरू होईल तेव्हा आपण या संघाची बातमी द्याल, अशी आशा आहे. त्या वेळी खेळाडूंच्या नावापुढे ते आधी कुठल्या कॉलेजात खेळले हेही छापावं, आणि जे पहिल्यापासून इथेच आहेत त्यांच्या नावापुढे तसंही. बेकरचा झेल आणि हूव्हरची फेक एकाच ओळीत वाचायला मिळाली तर माझ्या दादालाही हा संघ कसा उभा राहिला ते नीट समजेल.

कळावे,

आपली नियमित वाचक,
मूळची धरमपेठ, नागपूर; सध्या ब्लूमिंग्टन, इंडियाना